माहूरगडाच्या साक्षीने

माझी आई जिवंत आहे की नाही, याचा निकाल २०२५ च्या नोव्हेंबरात तीन दिवस लागत नव्हता.

वाचक दचकतील म्हणून लगेच सांगून टाकतो, की आईची प्रकृती उत्तम आहे. वय अठ्ठ्याहत्तर, बरेचसे दात स्वतःचे, आणि आवाज असा की तिने स्वयंपाकघरातून हाक मारली तर खालच्या मजल्यावरचा भाडेकरू 'ओ' देतो. माझे वडील शाळामास्तर होते. ते गेल्यापासून आईला कुटुंब निवृत्तिवेतन मिळते, आणि ते चालू राहावे म्हणून दर नोव्हेंबरात तिला आपण हयात असल्याचा दाखला द्यावा लागतो. पूर्वी बँकेत जाऊन यादीतल्या नावापुढे सही केली, कारकुनाने चष्म्यावरून एकदा पाहिले, की काम भागत असे. २०१४ सालापासून हा दाखला अंगठ्याच्या ठशावर यंत्राकडून मिळण्याची सोय झाली. सोय खरोखरच मोठी आहे. परगावी मुलाकडे राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची त्यामुळे किती तरी पायपीट वाचली. आमच्या बाबतीत मात्र त्या दिवशी सोयीची गैरसोय झाली.

खिडकीतला तरुण मोठा सभ्य होता. त्याने आईला आधी खुर्ची दिली, मग यंत्र पुढे केले. आईने अंगठा टेकवला. यंत्राने तांबडा दिवा दाखवला. "आजी, जरा हात धुऊन या." आई हात धुऊन आली. पुन्हा तांबडा दिवा. मग दुसरा अंगठा, मग तर्जनी, मग पदराला पुसून मधले बोट. शेवटी तो तरुण ओशाळून माझ्याकडे पाहत म्हणाला, "सर, सिस्टीमला आजी सापडत नाहीत."

आजी त्याच्यापासून हातभर अंतरावर बसल्या होत्या. "अरे बाळा, पण मी ही काय इथे आहे ना!" आई म्हणाली.

"हो आजी, मला दिसताय की! पण मला दिसून उपयोग नाही."

त्या पोराचा यात काही दोष नव्हता. आईच्या बोटांवरच्या रेषा पन्नास वर्षांच्या राखेने, चुलीने आणि धुण्याने केव्हाच पुसून गेल्या होत्या. "परवा पुन्हा येऊन पाहा" असे त्याने सांगितले. बाहेर पडल्यावर आई थोडा वेळ गप्प होती. मग रिक्षात बसता बसता म्हणाली, "मी आहे की नाही, ते यांचं ठरेपर्यंत माहूरला जाऊन येऊ. तिथं कुणी अंगठा मागत नाही."

माहूरची रेणुका आमची कुलदेवता. महाराष्ट्रात शक्तीची साडेतीन पीठे मानतात. कोल्हापूर, तुळजापूर आणि माहूर ही तीन पूर्ण, आणि वणीची सप्तशृंगी हे अर्धे. इतर दोन पूर्ण पीठांना जेवढी गर्दी लोटते तेवढी माहूरला सहसा नसते, कारण माहूर तसे आडबाजूला पडते. नांदेडहून निघालेली एसटी अर्धापूर, हदगाव करीत जाते आणि उमरखेडला विदर्भात शिरते. महागाव मागे पडल्यावर धनोड्याजवळ महामार्ग सोडायचा, पैनगंगा ओलांडायची, आणि पुन्हा मराठवाड्यात दाखल व्हायचे. नांदेड जिल्ह्यातून निघून नांदेड जिल्ह्यातच उतरायचे, पण वाटेत यवतमाळ जिल्ह्याचा पाहुणचार घेऊन. भूगोलाची ही गंमत आणखी जुनी आहे. १९५६ पर्यंत हा किनवट-माहूरचा मुलूख आदिलाबाद जिल्ह्यात होता. राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा तो नांदेडला जोडला गेला. त्यामुळे येथल्या बाजारात मराठीच्या जोडीला तेलुगू कानी पडते, गोंडी आणि कोलामी पडते, आणि बंजाऱ्यांची गोरबोली तर जागोजाग.

पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून एसटीचा प्रवास फुकट आहे. आई ही गोष्ट कधी विसरत नाही. कंडक्टर आला तेव्हा तिने पिशवीतून आधार कार्ड काढून ऐटीत पुढे धरले. कंडक्टर पन्नाशीचा, मिशाळ गृहस्थ होता. त्याने कार्डाकडे पाहिले, आईकडे पाहिले, पुन्हा कार्डाकडे पाहिले.

"आजी, ह्या फोटोत तुम्ही लई रागात दिसता."

"त्या दिवशी रांगेत चार तास उभं केलं होतं," आई म्हणाली.

कंडक्टर हसला आणि त्याने शून्य रुपयांचे तिकीट फाडून दिले. मला वाटले, बँकेतल्या यंत्राला तीन दिवसांत जे जमले नाही, ते ह्या माणसाने तीन क्षणांत केले. कार्ड त्याने पाहिलेच, नियम काही मोडला नाही. पण कार्डावरचा चेहरा आणि समोरचा चेहरा यांत जे अंतर होते, ते भरून काढायला त्याच्याजवळ दोन डोळे होते, आणि त्या डोळ्यांवर विसंबायची त्याला मुभा होती.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता, पण त्याला जोर नव्हता. त्या वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरच्या अतिवृष्टीने सबंध मराठवाड्याची दैना केली होती. कित्येक शेतांत सोयाबीन उभ्या उभ्या कुजून काळे पडले होते. पैनगंगेचे पाणी मात्र आता उतरून शहाण्यासारखे वाहत होते, आणि पलीकडे सागाची जंगले अंगावर घेऊन माहूरचे डोंगर उभे होते.

माहूरला तीन शिखरांवर तीन देवस्थाने आहेत. एकावर रेणुका, दुसऱ्यावर दत्तात्रेय, तिसऱ्यावर अत्रीची अनसूया. दत्तमहाराज काशीला स्नान करतात, कोल्हापूरला भिक्षा मागतात आणि झोपायला माहूरला येतात, अशी भाविकांची समजूत आहे. दिवसभर एवढी धावपळ करणाऱ्याला झोपेसाठी ही जागा का आवडावी, ते संध्याकाळी गडावरच्या वाऱ्यात उभे राहिले की कळते.

आम्ही रेणुकेच्या पायऱ्या चढू लागलो. आई दर दहा पायऱ्यांनी थांबे, आणि थांबायचे निमित्त म्हणून दुकानातल्या बांगड्यांचा भाव विचारी. ह्या पायऱ्यांवर एक आवाज सतत कानांवर येतो, तो खलबत्त्याचा. देवीला येथे कुटलेल्या विड्याचा तांबूल लागतो. पाने, सुपारी, कात एकत्र कुटण्याचा तो ठेका आणि त्याचा वास दर्शनाआधीच प्रसादाची आठवण करून देतो.

गाभाऱ्यात देवीची मूर्ती नाही. आहे तो शेंदूर चर्चिलेला भव्य मुखवटा, आपल्या मराठीत ज्याला तांदळा म्हणतात तो. हात नाहीत, पाय नाहीत, आयुधे नाहीत. नुसता चेहरा आणि टपोरे डोळे. असे का, याची कथा आईने मला लहानपणी सांगितली होती, आणि दर्शनानंतर ओवरीत टेकल्यावर तिने ती पुन्हा सांगितली. मीही ती प्रथमच ऐकत असल्यासारखी ऐकली.

सहस्रार्जुनाने जमदग्नीला मारले. परशुराम कावडीच्या एका बाजूला वडिलांचा देह आणि दुसऱ्या बाजूला आईला घेऊन कोरी भूमी शोधत निघाला. माहूरला दत्तात्रेयांनी पौरोहित्य केले, अग्निसंस्कार झाला, रेणुका सती गेली. मग परशुरामाला आईवाचून राहवेना. आकाशवाणी झाली की तुझी आई जमिनीतून वर येईल, पण ती पुरती येईपर्यंत मागे वळून पाहू नकोस. परशुराम पोरच ते! त्याला धीर निघाला नाही. त्याने वळून पाहिले, तेव्हा आईचे मुख तेवढे वर आले होते. बाकीची आई जमिनीतच राहिली.

"म्हणून चेहरा तेवढा दिसतो," आई म्हणाली. "घाई केली ना!"

मंदिराच्या आवारात कोपऱ्याकोपऱ्यांवर कॅमेरे लावलेले होते. ह्या कॅमेऱ्यांबद्दल माझी काही तक्रार नाही. २००५ च्या जानेवारीत वाईजवळ मांढरदेवीच्या यात्रेत चेंगराचेंगरी होऊन अडीचशेहून अधिक माणसे गेली. गर्दी कोठे दाटते आहे हे वेळेवर कोणाला दिसते, तर त्यांतली कित्येक वाचली असती. आता यंत्रे गर्दीतली डोकी मोजू शकतात, हे चांगलेच आहे. पण मोजणे वेगळे आणि ओळखणे वेगळे. कॅमेरा "येथे पाच हजार माणसे आहेत" असे सांगतो तेव्हा तो माझी राखण करतो. तोच "त्यांतला हा अमका" असे सांगू लागला, की त्याने माझ्याविषयी काय टिपले, ते कोठे ठेवले आणि कोणाला दाखवले, हे विचारण्याचा अधिकार मला असायला हवा. गडावर देवीपुढे उभा राहिलेला माणूस काय मागतो, हे त्याच्या बायकोलाही ठाऊक नसते.

गड उतरून आम्ही गावात आलो. आईला चहा हवा होता. एसटी स्थानकापासून जवळच एक चहाचे दुकान होते आणि त्याला लागून एक सेवा केंद्र. केंद्राच्या पायऱ्यांवर, ओट्यावर, समोरच्या लिंबाखाली मिळून तीस-चाळीस बायका बसल्या होत्या. मला वाटले, कसली तरी सभा असावी. चहावाला म्हणाला, "लाडक्या बहिणी हैत, सर. केवायसीला आल्यात."

२०२४ च्या जुलैपासून महाराष्ट्रात एकवीस ते पासष्ट वर्षांच्या गरजू स्त्रियांना महिना पंधराशे रुपये मिळू लागले, हे शहरातल्या वाचकांना ठाऊक आहेच. आपण त्यावर दिवाणखान्यात भरपूर वादही घातले आहेत. २०२५ च्या सप्टेंबरात सरकारने ठरवले की प्रत्येक लाभार्थी बाईने संगणकावर आपली ओळख पटवून द्यावी. आधी स्वतःच्या आधार क्रमांकावर, मग नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या. प्रत्येक वेळी त्या त्या माणसाच्या मोबाइलवर सहा आकडी परवलीचा अंक येणार, आणि तो आत घातला की गाडी पुढे सरकणार. खोट्या नावांनी पैसे उचलले जाऊ नयेत हा हेतू रास्तच होता. मुदत दोन महिन्यांची होती, आणि आम्ही माहूरला पोहोचलो तेव्हा ती संपायला थोडेच दिवस उरले होते.

आमच्या बाकड्याच्या टोकाशी एक बंजारा बाई येऊन टेकली. चाळिशीची असेल. तांड्यावरून येण्याची ही तिची तिसरी खेप होती. प्रत्येक खेपेला जीपचे भाडे आणि एक दिवसाची मजुरी बुडत होती. आईने तिला चहा दिला. पहिल्या खेपेला यंत्राने तिच्या मोबाइलवर अंक पाठवला, पण तो मोबाइल होता मुलाजवळ, आणि मुलगा ऊसतोडीच्या टोळीबरोबर दूर गेलेला. दुसऱ्या खेपेला तिने नवा क्रमांक जोडून आणला. आता यंत्र नवऱ्याचा अंक मागत होते. नवरा दोन वर्षांपूर्वी वारला होता. वडील तर तिच्या लग्नाआधीच गेलेले.

मी केंद्रातल्या मुलाला विचारले, "अहो, ही जागा रिकामी सोडता येत नाही का?"

"न्हाई, सर. रिकामी सोडली की पुढचं पान उघडतच न्हाई."

"पण ह्यांचे यजमान वारले आहेत, हे तुम्हांला ठाऊक आहे?"

"ठाऊक म्हंजे? मयतीला व्हतो की मी!" तो म्हणाला. मग पडद्याकडे बोट दाखवून खालच्या आवाजात म्हणाला, "पण मला ठाऊक असून काय उपयोग, सर?"

हे वाक्य मी चार दिवसांपूर्वी बँकेत ऐकले होते. मला हसू आले आणि लगेच त्या हसण्याची लाजही वाटली. एका यंत्राला माझी जिवंत आई जिवंत वाटत नव्हती, आणि दुसऱ्याला ह्या बाईचा मेलेला नवरा मेलेला वाटत नव्हता. दोन्हीकडे खरे काय ते ठाऊक असलेला माणूस यंत्राशेजारीच बसलेला होता, आणि दोन्हीकडे त्याच्या ठाऊक असण्याला काडीची किंमत नव्हती.

फरक मात्र होता, आणि तो मोठा होता. आमचे काम अडले तर एक महिना माझ्या पगारावर घर चालणार होते. तिचे सोयाबीन पाण्यात गेले होते.

यंत्रावर तोंडसुख घेण्याचा माझा विचार नाही, आणि त्या बाईचाही नव्हता. आई तिला म्हणाली, "जळलं मेलं ते यंत्र!" तेव्हा तीच म्हणाली, "न्हाई माय, पैसा सरळ खात्यात येतो. मधी कुणी खात न्हाई." ह्या एका वाक्यात गेल्या पंधरा वर्षांतल्या सगळ्या उलाढालीचे समर्थन आहे. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली ह्या आदिवासी खेड्यात दिला गेला. ज्यांना कोणी ओळखत नाही त्यांना सरकारदरबारी ओळख मिळावी, ही त्यामागची कल्पना होती. पण ओळख देणे आणि ओळख मागणे ह्या दोन गोष्टी आहेत. दिली एकदा, मागितली जाते रोज. रेशनच्या दुकानात बोट, रोजगार हमीच्या कामावर फोटो, आणि २०२५ च्या जुलैपासून अंगणवाडीतला घरी न्यायचा आहार घेतानाही चेहरा.

रात्री आम्ही भक्तनिवासात उतरलो. आईला पडल्या पडल्या झोप लागली. मला लागेना. मी मराठीचा मास्तर, जुने कागद वाचण्याचा मला छंद आहे. त्या कागदांतल्या निशाण्या एकामागून एक डोळ्यांपुढे येऊ लागल्या.

शिवकालातले, पेशवाईतले महजर ज्यांनी पाहिले असतील त्यांना ठाऊक आहे, की त्यांच्या शेवटी सह्यांऐवजी चित्रे असतात. लिहिता न येणारा पाटील नांगर काढी. शेट्याची निशाणी तराजू. न्हाव्याची आरसा. बाईची निशाणी बांगडी. माणूस जे करी, ज्याच्याशी त्याचा हात रोज पडे, तीच त्याची खूण. नांगर काही एकाच पाटलाचा नसे, हजारोंचा असे. मग हा नांगर अमक्याचाच कशावरून? तर गोतसभा बसलेली असे, तिच्यादेखत तो काढला जाई आणि भोवती साक्षीदारांची नावे लिहिली जात. ती खूण खरी ठरत असे ती भोवतालच्या माणसांमुळे.

अंगठा पुढे आला. १८५८ साली बंगालमधल्या जंगीपूरला विल्यम हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने एका कंत्राटदाराकडून करारावर हाताचा पंजा उठवून घेतला. त्याने पुढे करार नाकारू नये, एवढाच हेतू. १८९७ मध्ये कलकत्त्याला ठशांची कचेरी निघाली, आणि गुन्हेगार हुडकण्याच्या कामी ठसे येऊ लागले. त्याआधीच, १८७१ च्या कायद्याने, कित्येक भटक्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवून टाकल्या होत्या. त्यांची नावे वहीत, त्यांची हजेरी चौकीवर. हा कायदा १९५२ मध्ये गेला, म्हणून त्या जमातींना आज आपण विमुक्त म्हणतो. महाराष्ट्रात बंजारा समाजही विमुक्त जातींतच मोडतो. तेव्हा ओळख पटवण्यासाठी रांगेत उभे राहणे म्हणजे काय, हे अशा समाजांना नव्याने सांगावे लागत नाही.

तरीही आपल्या खेड्यांतल्या अंगठ्याला एक सोबत होती. माझ्या आजोबांच्या वेळचे एक खरेदीखत घरात आहे. त्यावर माझ्या पणजीचा निळा अंगठा आहे. त्याच्याशेजारी लिहिले आहे, "निशाणी डाव्या हाताच्या अंगठ्याची". त्याच्याखाली, "दस्तुर", आणि ज्याने तिच्या वतीने नाव लिहिले त्याचे नाव. त्याच्याखाली दोन साक्षीदार. पणजीला अक्षर येत नव्हते, पण तिचा अंगठा कागदावर एकटा नव्हता. उद्या कोणी म्हटले की हा अंगठा हिचा नव्हेच, तर त्या तीन माणसांना पुढे येऊन सांगावे लागले असते. खोटे सांगितले तर गावात तोंड दाखवायची पंचाईत.

आणि एकाएकी मला उमगले, की बँकेत आणि सेवा केंद्रात आपले नेमके काय हरवले होते. अंगठा तोच आहे. त्याच्याखालचा दस्तुर गेला. यंत्र "नाही" म्हणते, पण त्या "नाही"खाली कोणाचीच सही नसते. बँकेतला मुलगा म्हणतो, मी नाही, सिस्टीम. केंद्रातला मुलगा म्हणतो, मी नाही, सर्व्हर. वर कोणी असेल तो म्हणणार, मी नाही, नियम. माणसांनी नकार दिला तर त्यांच्याशी भांडता येते, हातापाया पडता येते, चार माणसे नेऊन समजूत घालता येते. दस्तुर नसलेल्या नकाराशी भांडायचे कसे?

दुसऱ्या दिवशी आई दमली होती, म्हणून मी एकटाच देवदेवेश्वराला गेलो. हे महानुभावांचे स्थान. दत्तात्रेय माहूरला निद्रेला येतात ते येथे, अशी त्यांची श्रद्धा आहे. मराठीच्या मास्तराला येथे येण्याचे आणखी एक कारण असते. महानुभावांच्या सात प्रमुख काव्यग्रंथांत एक सह्याद्रिवर्णन आहे. त्याचा कर्ता रवळोव्यास. त्याचा सह्याद्री म्हणजे आपला पुण्याकडचा नव्हे, हाच माहूरचा डोंगर. आणि ज्या सकळ लिपीत महानुभावांनी आपले ग्रंथ शतकानुशतके झाकून ठेवले, तिचे जनकत्वही परंपरा ह्याच रवळोव्यासाला देते.

नेहमीच्या अक्षरांच्या जागी दुसरी चिन्हे योजून ही लिपी बनवली होती. किल्ली ठाऊक असलेल्याला पोथी वाचता येई. बाकीच्यांना ती नुसती रेघोट्यांची वही. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे यांच्यासारख्या संशोधकांनी खटपट केली, तेव्हा कोठे बाहेरच्या अभ्यासकांना ह्या वाङ्मयाचे दार उघडले. आम्ही वर्गात हा भाग कौतुकाने शिकवतो. पण त्या दिवशी देवळाच्या पायरीवर बसल्यावर मला त्याचा उलटा अर्थ दिसला. महानुभावांनी लपवली ती स्वतःची पोथी, आणि किल्ली ठेवली स्वतःजवळ. आज आपली सगळ्यांची पोथी लिहिली जाते आहे. कोठे गेलो, काय घेतले, कोणता आजार झाला, अंगठा कितीदा जुळला. पोथी आपली, लिपी मात्र आपल्याला न वाचता येणारी, आणि किल्ली तिसऱ्याच कोणाजवळ.

याचा विचार देशात झालेलाच नाही असे नव्हे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. पुढल्या वर्षी सप्टेंबरात बहुमताने आधारचा कायदा बव्हंशी उचलून धरला. त्या वेळी न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी भिन्न मत दिले. माणसाची प्रतिष्ठा आणि त्याचे हक्क गणिती शक्यतांवर टांगून ठेवता येणार नाहीत, असा त्यातल्या एका भागाचा आशय होता. २०२३ मध्ये व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा झाला. योगायोग असा, की त्याचे नियम प्रसिद्ध झाले ते आम्ही माहूरला गेलो त्याच नोव्हेंबरात. हे सगळे चांगलेच आहे. पण दिल्लीतला कायदा माहूरच्या लिंबाखाली येऊन पोहोचायला मध्ये कोणी तरी माणूस लागतो.

तो माणूस पुढे मिळाला. आम्ही परतल्यावर थोड्याच दिवसांत बातमी आली, की मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली आहे, आणि ज्या बायकांचे पती आणि वडील दोघेही हयात नाहीत त्यांनी मृत्यूच्या दाखल्याची प्रत अंगणवाडी सेविकेकडे द्यावी. म्हणजे संगणकाने घातलेली गाठ सोडवायला शेवटी गावातली सेविकाताईच लागली! जानेवारी २०२६ मध्ये आणखी एक प्रकार झाला. त्या अर्जात एक प्रश्न नकारार्थी विचारला होता. घरातले कोणी सरकारी नोकरीत नाही ना, अशा अर्थाचा. आता मराठी माणसाला "घरी पाहुणे नाहीत ना?" असे विचारा. कोणी म्हणेल "हो", म्हणजे नाहीत. कोणी म्हणेल "नाही", म्हणजेही नाहीतच. समोरच्या माणसाला दोन्ही कळतात. यंत्राला एकच कळते. मोलमजुरी करणाऱ्या पुष्कळ बायका एका टिचकीसरशी सरकारी नोकरांच्या घरच्या ठरल्या आणि त्यांचे पैसे थांबले. मग पुन्हा सेविकांनाच प्रत्यक्ष पडताळणीचे काम देण्यात आले. व्याकरण शिकवण्यात पंचवीस वर्षे घालवलेल्या मला त्या प्रश्नाने जेवढे शिकवले तेवढे एकाही पुस्तकाने शिकवले नसेल.

माझे म्हणणे एवढेच आहे. यंत्रे येऊ द्यात, ती मोजू देत, जुळवू देत, "होय" म्हणू देत. पण जेथे यंत्र "नाही" म्हणेल, तेथे एक माणूस बसलेला असावा, त्याला पाहण्याचा आणि ठरवण्याचा अधिकार असावा, आणि त्या निर्णयाखाली त्याचे नाव असावे. जुन्या कागदावर असे तसे. ह्यात काही नवे शोधायचे नाही, जे होते ते यंत्राशेजारी पुन्हा ठेवायचे आहे. चुकीचा भार यंत्र चालवणाऱ्याने सोसावा. आज तो तीन खेपांचे जीपभाडे भरणाऱ्या बाईच्या डोक्यावर आहे.

आमच्या घरचा प्रश्नही तसाच सुटला. माहूरहून परतल्यावर आम्ही पुन्हा बँकेत गेलो. यंत्राने पुन्हा तांबडा दिवा दाखवला. पण त्या दिवशी एक वयस्क अधिकारी जागेवर होत्या. त्यांनी खणातून छापील नमुना काढला, आईला समोर बसवले, तिची सही घेतली आणि खाली लिहिले, "समक्ष हजर". मग स्वतःची सही, नाव, हुद्दा आणि शिक्का. आईने तो कागद दूर धरून दोनदा वाचला. "आता मी आहे," ती म्हणाली, आणि पिशवीतून तांबुलाची पुडी काढून तिने त्या बाईंच्या हातावर प्रसाद ठेवला.

ह्या गोष्टीला आता वर्ष होत आले. मधून मधून आई विचारते, "त्या बाईचे पैसे सुरू झाले का रे?" मला काय ठाऊक असणार? चौकशी करायची तर नाव तरी ठाऊक हवे! परवा मी तसे म्हणालो, तेव्हा आईने हातातली वात टाकली आणि माझ्याकडे पाहिले. तिने मला त्या बाईचे नाव सांगितले, नवऱ्याचे नाव सांगितले, तांड्याचे नाव सांगितले, मुलगा कोणत्या भागात ऊस तोडायला गेला होता आणि धाकटी मुलगी कितवीत आहे तेही सांगितले. एका चहात तिने हे सगळे विचारून घेतले होते. मी त्या वेळी शेजारीच बसून, माणसाची ओळख यंत्रावर कशी सोपवली जाते, याचा विचार करीत होतो.

दिवाळी झाली की माहूरला जायचे आहे. आई म्हणते, ह्या खेपेला आधी तांड्यावर जाऊ, गड मग.